खेळून झालं, आता विकू या!

सदर : चार आण्यांचं शहाणपण



कपाटाचा खालचा कप्पा जरा उघडून बघा पाहू. कॅरमच्या सोंगट्या, तार तुटलेली रॅकेट आणि त्यांच्यामागे व्हिडिओ गेमच्या दोन-तीन डब्या. बरोबर? ज्या गेमसाठी तुम्ही आई-बाबांच्या मागे दोन महिने भुणभुण लावली होती, तोच आता धूळ खात पडलाय. शेवटचा राक्षस मारून झाला, सगळ्या शर्यती जिंकून झाल्या. आता नवा गेम हवा, आणि बाबा म्हणतात, "आधीचा पडलाय त्याचं काय?"

मग तुम्ही डबी घेऊन दुकानात जाता. दुकानदार ती उलटीसुलटी करतो, डिस्क उजेडात धरतो आणि म्हणतो, "पाचशे." तुमचा चेहरा एवढासा होतो. चार हजारांचा गेम आणि पाचशे? हा काय न्याय झाला?

आज हाच हिशेब मांडू या. जुन्या गेमला चांगला भाव कसा मिळवायचा? अटी दोनच. कुणाला फसवायचं नाही आणि आपण फसायचं नाही.

पण त्याआधी एक प्रश्न. गेम नक्की कुणाचा आहे? वाढदिवसाला मामानं दिलेला असेल तर मामाला सांगायला नको का? धाकट्या बहिणीचा खेळ अजून अर्ध्यावर असेल तर? घरातल्या सगळ्यांनी मान हलवली की मगच पुढचं वाचा.

भाव उतरतो कसा?

पुण्यातला अप्पा बळवंत चौक माहीत असेलच. नवी-जुनी पाठ्यपुस्तकं घ्यायला जूनमध्ये तिथे ही झुंबड उडते! आता विचार करा. गेल्या वर्षीचं सातवीचं पुस्तक नीट ठेवलेलं असेल तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. पण सरकारनं अभ्यासक्रम बदलला की? तेच पुस्तक, तेवढंच नीटनेटकं, पण रद्दीच्या भावात जातं. पुस्तक खराब झालं नाही, त्याची गरज संपली.

गेमचं अगदी तसंच आहे. फुटबॉलचा गेम घ्या. 'फिफा' नावाची मालिका दरवर्षी नवा गेम काढायची. २०२२ साली आलेला 'फिफा २३' हा त्या नावाचा शेवटचा. २०२३ पासून त्याच कंपनीचा गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावानं येतो. नाव बदललं, पण रीत तीच. नव्या वर्षाचा गेम आला, नवे खेळाडू आणि नवे संघ आले, की जुना गेम म्हणजे बदललेल्या अभ्यासक्रमाचं पुस्तक!

आता याच्या उलट पाहा. निन्टेंडोचा 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१७ साली आला. तो दरवर्षी नव्यानं निघत नव्हता आणि घरात चार जणं जमली की अजूनही खेळावासा वाटतो. त्यामुळे त्याची किंमत वर्षानुवर्षं फारशी पडली नाही.

यावरून पहिला धडा घ्या. तुम्ही किती पैसे दिले होते, याच्याशी आजच्या भावाचा काडीचाही संबंध नाही. आज तो कितीजणांना हवाय आणि कितीजण विकायला बसलेत, एवढ्यावरच भाव ठरतो.

विकता येतं काय आणि येत नाही काय?

ज्याची डिस्क किंवा कॅसेट तुमच्या हातात आहे, तो गेम विकता येतो. इंटरनेटवरून यंत्रात उतरवून घेतलेला गेम विकता येत नाही. तिथे तुम्ही पैसे भरलेत ते खेळण्याच्या परवानगीचे, आणि ती परवानगी तुमच्या खात्याला चिकटलेली असते. "मग अख्खं खातंच विकतो," असं कुणी म्हणेल. नको! कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही. शिवाय खात्याबरोबर तुमचं नाव, मित्रांची यादी, कधीकधी बाबांच्या कार्डाची माहितीसुद्धा परक्याच्या हाती जाते.

म्हणून नवा गेम घेतानाच विचार करा. यंत्रात उतरवलेला गेम कधीकधी स्वस्त पडतो, पण त्याचे पैसे परत येत नाहीत. डिस्क थोडी महाग पडते, पण तिचे काही पैसे नंतर सुटतात. ज्या यंत्राला डिस्कचा खणच नाही, त्यावर खेळणाऱ्याकडे विकायला कधीच काही नसतं. यंत्र निवडताना हेही लक्षात घ्यायला हवं, नाही का?

जुनी डिस्क विकायचा हा हक्क एकदा थोडक्यात वाचला, बरं का! २०१३ साली मायक्रोसॉफ्टनं आपलं नवं यंत्र 'एक्सबॉक्स वन' जाहीर केलं. त्यात वापरलेले गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं घालायची योजना होती. जगभरातल्या खेळाडूंनी असा गलका केला की विचारू नका. त्याच जूनमध्ये सोनीनं एक चिमुकली चित्रफीत दाखवली. 'प्लेस्टेशन ४' चा गेम मित्राला कसा द्यायचा? एकानं डबी पुढे केली, दुसऱ्यानं घेतली, संपलं! पाहणारे हसून लोटपोट झाले. १९ जून २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं ती बंधनं मागे घेतली. आज तुम्ही हातातली डिस्क शेजारच्या दादाला देऊ शकता, त्यामागे एवढं रामायण आहे.

आणि एक. बाजारात स्वस्तात मिळालेली नकली डिस्क 'गेम' म्हणून विकू नका. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यानुसार चोरून छापलेल्या प्रती विकणं हा गुन्हा आहे.

तीन किमतींचा खेळ

आता मुख्य मुद्दा. किती रुपये मागायचे? वही-पेन्सिल घ्या आणि तीन आकडे लिहा.

पहिला आकडा : हाच गेम आज नवा केवढ्याला मिळतो? तुम्ही घेतला तेव्हा नाही, आज! सणासुदीला सवलत लागते, नव्याची किंमत उतरते. नवाच दोन हजारांना मिळत असेल, तर जुन्याला अठराशे कोण देईल?

दुसरा आकडा : वापरलेला गेम दुकानदार केवढ्याला विकतो?

तिसरा आकडा : तोच दुकानदार तो तुमच्याकडून केवढ्याला घेतो?

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात बरंच अंतर दिसेल. लगेच "लुटतो मेला!" म्हणू नका. त्याला दुकानाचं भाडं आहे, विजेचं बिल आहे. डिस्क तपासावी लागते. एखादी चालली नाही तर गिऱ्हाईक त्याच्याशीच भांडतं. आणि काही डिस्क वर्षभर विकल्याच जात नाहीत. हे सगळं त्या अंतरातून निघायचं असतं.

पण तुमची संधी नेमकी याच अंतरात आहे. समजा, दुकानदार तो गेम अठराशेला विकतो आणि अकराशेला घेतो. मध्ये सातशे रुपयांची मोकळी जागा आहे. तुम्ही तो थेट एखाद्या खेळणाऱ्याला पंधराशेला विकला, तर त्याचे तीनशे वाचले आणि तुम्हाला चारशे जास्त मिळाले. दोघंही खूश! म्हणून मागायची किंमत सोळाशे ठेवा आणि 'चौदाशेच्या खाली जायचं नाही' असं मनाशी पक्कं करा. हा झाला तुमचा तळ. तो वहीत लिहायचा, कुणाला सांगायचा नाही.

इंटरनेटवरच्या जाहिराती पाहूनही भावाचा अंदाज येतो. पण तिथे एक गंमत आहे. जो गेम चटकन विकला गेला, त्याची जाहिरात निघून गेलेली असते. जी जाहिरात तीन महिने तशीच लटकतेय, तिच्यावरचा आकडा ही किंमत नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा! म्हणून एकाच जाहिरातीवर जाऊ नका. पाच-सहा पाहा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा आणि मधल्या पाहा.

खरा खर्च किती?

आता एक गणित, परीक्षेत न येणारं. समजा, नवा गेम चार हजारांना घेतला. महिन्याभरात खेळून संपवला आणि अठ्ठावीसशेला विकला. म्हणजे खेळायला खरा खर्च आला बाराशे. तोच गेम वर्षभर कपाटात ठेवून बाराशेला विकला, तर खरा खर्च अठ्ठावीसशे! आणि तिसरी तऱ्हा : गेम जुनाच, पंचवीसशेला घेतला, जपून खेळला आणि दोन हजारांना विकला. खर्च फक्त पाचशे.

आकडे मी मनानं घेतलेत, तुमचे वेगळे असतील. पण गोष्ट लक्षात आली ना? गेमची किंमत म्हणजे घेताना दिले ते पैसे नव्हेत. दिलेल्यातून परत आलेले वजा करा, उरेल ती खरी किंमत. ज्या घरात वर्षाला एकच नवा गेम परवडतो, त्या घरात हे गणित जमलं तर त्याच पैशात दोन-तीन गेम खेळून होतात. बाबांना हे वहीत मांडून दाखवा. भुणभुणीपेक्षा नक्की जास्त उपयोग होईल!

कधी विकायचं?

गोष्ट असलेला गेम, म्हणजे एकदा शेवट कळला की पुन्हा फारसा न उघडला जाणारा, खेळून झाला की लगेच विका. रोज थोडा थोडा भाव उतरत असतो.

त्याच गेमचा पुढचा भाग येणार अशी बातमी आली, की आधीच्याला थोडे दिवस मागणी येते. ज्यांनी पहिला भाग खेळलेला नसतो ते शोधू लागतात. पुढचा भाग आला की ती ओसरते. वर्षाच्या वर्षाला येणारा खेळांचा गेम मात्र नवा येण्याच्या महिना-दोन महिने आधीच विकलेला बरा.

महिन्याची वर्गणी भरून शेकडो गेम खेळायला मिळतात अशा योजना आता आहेत. तुमचा गेम त्या यादीत गेला, की डिस्क कोण घेणार? त्या बातम्यांवर नजर ठेवा.

आणि आपलं शाळेचं वेळापत्रक विसरून कसं चालेल? फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी अभ्यासाचं वातावरण, तेव्हा गेम घ्यायला कोण धजावेल? परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, की तीच मुलं शोधत येतात. दिवाळीच्या सुट्टीआधीही तसंच. सुट्टी संपताना विकायला जाल, तर तुमच्यासारखे दहाजण रांगेत असतील.

आपला गेम कुठल्या यंत्रावर चालतो हेही पाहा. 'प्लेस्टेशन ४' च्या जवळजवळ सगळ्या डिस्क खण असलेल्या 'प्लेस्टेशन ५' वरही चालतात, त्यामुळे त्यांना अजून गिऱ्हाईक आहे. 'प्लेस्टेशन ३' च्या डिस्कचं तसं नाही. त्या ज्याच्याकडे ते जुनं यंत्र आहे, तोच घेणार.

डिस्क पुसायची कशी?

"शर्टाला पुसली की झालं!" थांबा, थांबा! सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही डिस्क सारख्याच जाडीच्या असतात, साधारण १.२ मिलिमीटर. पण माहितीचा थर प्रत्येकीत वेगळ्या खोलीवर असतो. डीव्हीडीत तो वाचायच्या बाजूनं ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेमध्ये फक्त ०.१ मिलिमीटर. 'प्लेस्टेशन ३' आणि त्यापुढच्या यंत्रांच्या डिस्क ब्लू-रे असतात. त्यांच्यावर चरे सहज पडू नयेत म्हणून एक टणक लेप दिलेला असतो. पण तो लेप ओलांडून खोल चरा गेला, की गेम संपला. म्हणूनच टूथपेस्टनं घासण्याचा 'घरगुती उपाय' अजिबात करू नका. घासून आपण तो लेपच उडवतो.

मऊ, स्वच्छ सुती फडकं घ्या. चष्म्याचं फडकं सर्वांत उत्तम. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. का बरं? डिस्कवरची माहिती गोल फिरणाऱ्या ओळीत लिहिलेली असते. आडवा, बारीक चरा पडला तर प्रत्येक ओळीतलं थोडंसंच जातं आणि यंत्र ते भरून काढू शकतं. गोल चरा पडला तर एकाच ओळीतला लांबलचक तुकडा गायब! वाक्यातला एखादा शब्द गेला तर अर्थ लागतो, अख्खा परिच्छेद गेला तर कसा लागेल?

जुन्या कॅसेटचं तंत्र वेगळं. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे तुमच्या आई-बाबांच्या पिढीनं मोठ्या भक्तिभावानं केलंय. पण फुंकरीतल्या ओलाव्यानं आतले धातूचे दात गंजतात. निन्टेंडोनंही फुंकू नका असंच सांगितलंय. त्यापेक्षा कापसाच्या काडीला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ते दात पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. निन्टेंडो स्विचचं पिटुकलं कार्ड मात्र चाटून बघू नका हं! लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडूजहर लेप दिलेला असतो.

आणि पावसाळा! बुटाच्या खोक्यात येणाऱ्या त्या दाणेदार पुड्या टाकून देऊ नका. त्या गेमच्या डब्यांच्या कप्प्यात ठेवा, दमटपणा कमी होतो. मूळ डबी, आतला कागद, कव्हर हेही जपा. नुसती डिस्क आणि डबीसकट डिस्क यांच्या भावात चांगलाच फरक पडतो.

खरं लिहा, जास्त मिळवा

आता जाहिरात. शाळेच्या फलकावर लावा, सोसायटीत सांगा किंवा आई-बाबांच्या मदतीनं इंटरनेटवर द्या. मजकूर कसा हवा?

'मस्त गेम, एकदम नवा, लवकर या!' यातून काय कळलं? काहीच नाही. आता हे वाचा : 'प्लेस्टेशन ४ साठी क्रिकेट २२. मूळ डबी आहे. डिस्कवर कडेला दोन बारीक चरे, फोटो दिला आहे. गेम शेवटपर्यंत व्यवस्थित चालतो, येऊन चालवून पाहा. किंमत अमुक रुपये.' यात चरे सांगितलेत, तरी विश्वास दुसऱ्यावरच बसतो ना? गिऱ्हाईक मनातल्या मनात म्हणतं, ज्यानं चरे स्वतःहून सांगितले तो बाकीचं लपवणार नाही. आणि जिथे विश्वास असतो तिथे घासाघीस कमी होते. लपवलेला चरा शेवटी दिसतोच. मग तो शंभर रुपये कमी करत नाही, "आणखी काय लपवलंय?" असं म्हणत चारशे कमी करतो, किंवा उठून जातो.

फोटो दिवसाउजेडी काढा, डिस्कच्या दोन्ही बाजूंचा आणि डबीचा. इंटरनेटवरून उचललेलं चित्र नको. डबीत जादा भागासाठी एखादा सांकेतिक क्रमांक आला असेल आणि तुम्ही तो वापरला असेल, तर तेही लिहा. असे क्रमांक सहसा एकदाच चालतात. दुबईहून काकांनी आणलेली डिस्क असेल तर तेही सांगा. 'प्लेस्टेशन ४' आणि '५' च्या डिस्क देशोदेशी चालतात, पण नंतर उतरवून घ्यायचा जादा भाग दुसऱ्या देशाच्या खात्यावर सहसा जुळत नाही.

पाच गेम असतील तर एकत्र विकायचे की सुटे? ज्याला मागणी आहे तो सुटा विका. ज्यांना कुणी विचारत नाही ते दोन-तीन मिळून एका आकड्यात द्या. अख्ख्या गठ्ठ्याला एकच भाव लावला, तर चांगल्या गेमचा भाव वाईटांच्या ओझ्याखाली दबतो.

"दादा, शेवटचं किती?"

जाहिरात लागली की पहिला प्रश्न हाच येणार. गेम पाहिला नाही, डिस्क हातात घेतली नाही, आणि "लास्ट किती?" याला उत्तर असं द्या : "आधी येऊन बघा, चालवून बघा, मग बोलू." ज्याला खरोखर घ्यायचाय तो येईल.

समोर आल्यावर तुमची किंमत एकदाच, शांतपणे सांगा. सांगून झालं की गप्प बसा. आपण घाबरून "पण थोडं कमी करीन हं!" असं स्वतःच बोलून जातो, आणि तिथेच घोळ होतो. त्यानं कमी सांगितलं तर रागवायचं नाही. "इतक्यात नाही जमणार, पण पन्नास कमी करतो" असं म्हणा. तुमच्या तळाच्या खाली जाऊ लागला तर हसून "राहू द्या मग" म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणता येणं हीच घासाघीशीतली खरी ताकद.

घेणारा तुमचाच मित्र असेल तर थोडं वेगळं वागा. "आठ दिवसांत चालला नाही, तर पैसे परत," असं स्वतःहून सांगा. पैसे लगेच खर्च करू नका. गेम दोनशे रुपये कमी-जास्तीनं जाईल, पण त्यापायी एका बाकावर बसणारे दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, तर तो सौदा कितीला पडला?

माळ्यावर खजिना आहे का?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली! हे वाचून काहीजण माळ्यावर चढायला निघतील. थांबा. त्या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. मग याच प्रतीत काय सोनं होतं? ती कधी उघडलेलीच नव्हती. कारखान्यातलं वेष्टन तसंच, जवळजवळ निर्दोष. म्हणजे ज्या प्रतीवर कुणीच खेळलं नाही, तिला एवढा भाव!

१९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळायचे, त्यांतली बहुतेक यंत्रं आणि कॅसेट मूळ कंपनीच्या नव्हत्या, नकला होत्या. त्यांना लाखांचा भाव येणार नाही. पण आई-बाबांना विचारा, ते कोणाकोणाबरोबर खेळायचे ते. त्या गोष्टी फुकट मिळतील.

सावधान!

आता नीट लक्ष द्या. हा भाग वगळू नका.

१. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील," असं कुणी म्हणालं की समजा, तो चोर आहे. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत!

२. "मी लांब राहतो, आधी गेम पाठवा, नंतर पैसे देतो," याला नम्र नकार. पैसे मिळाल्याचा नुसता फोटो दाखवला तरी विश्वास नको. आई-बाबांनी बँकेच्या खात्यात पाहिल्यावरच डबी हातातून सोडायची.

३. अनोळखी माणसाला भेटायला एकट्यानं जायचं नाही. घरचं मोठं माणूस बरोबर हवं, जागा वर्दळीची हवी, वेळ दिवसाची हवी. जाहिरातीत घरचा पत्ता आणि शाळेचं नाव लिहायचं नाही.

४. आख्खं यंत्रच विकत असाल, तर आधी खात्यातून बाहेर पडा आणि यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं करा. तुमचे फोटो, पासवर्ड त्यात राहता कामा नयेत. आधी जतन केलेला खेळ दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर दोन वर्षांची मेहनत पुसली जाईल.

पालकांसाठी चार ओळी

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना करार करता येत नाही. तेव्हा हा व्यवहार नावानं तुमचाच असणार. पण भाव शोधणं, जाहिरात लिहिणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे मुलांना करू द्यावं. तुम्ही शेजारी उभे राहावं, मध्ये बोलू नये. शंभर रुपये कमी आले तरी चालतील. ती फी समजा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावं. आणि गेमचे पैसे आले की ते कुणाचे, हे आधीच ठरलेलं असू द्यावं. नंतर "ते घरखर्चात गेले" असं ऐकलं की मुलांचा व्यवहारावरचाच विश्वास उडतो.

या आठवड्याचं काम

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा : गेमचं नाव, घेतला तेव्हाची किंमत, आजच्या नव्याची किंमत, दुकानदार विकतो ती, दुकानदार घेतो ती. घरातले सगळे गेम त्यात लिहा. शेवटच्या दोन रकान्यांच्या मधला आकडा लाल शाईनं लिहा. तोच तुमचा भाव.

मग यादी पुन्हा एकदा वाचा. एखादं नाव असं असेल की त्याच्यापुढे लाल आकडा लिहावासाच वाटणार नाही. ताप आला होता तेव्हा ताईनं रात्रभर शेजारी बसून तुमच्याबरोबर खेळलेला एखादा गेम. तो ठेवा. सगळंच विकायला काढायचं नसतं. आणि ज्याला पन्नास रुपयेही येत नाहीत पण चालतो झकास, तो शेजारच्या पाचवीतल्या पोराला देऊन टाका. त्याच्या घरी तो नवाच असेल.

चला तर मग, आणा ती वही. आणि हो, फडकं मऊ घ्या, गोल गोल पुसू नका!